चढावर सुटलेला गिअर

तुमसर
९ जानेवारी २०११

गौतमदादा,

जयभीम. पत्र पाहून दचकू नको, इथे सगळे जिवंत आहेत. फोन करता आला असता, पण तुझ्या मावशीचं घर तुला माहीत आहे, एका खोलीत खोकलं तर दुसऱ्या खोलीतून पाणी आणतात. आणि हे दिवसभर घरातच असतात. मला यांच्यामागे तुझ्याशी बोलायचं आहे, म्हणून हा कागद. उत्तर कुसुमच्या पत्त्यावर पाठव, खाली लिहिला आहे. ती शेजारी शिवणकाम करते. उघडून वाचणार नाही, वाचलं तरी बोलणार नाही.

रायपूर सोडून आम्हाला महिना होत आला. हे बाजेवर बसतात. जेवायला वाढलं की जेवतात, उठ म्हटलं की उठतात. परवा मी भाजीत मीठ टाकायलाच विसरले, तर तशीच सगळी खाल्ली. मी पहिला घास घेतला तेव्हा मला कळलं. फक्त डावा हात मांडीवर चालू असतो, पुढे, मागे, पुढे, मागे. आईला वाटतं गुडघा दुखतो. मला माहीत आहे की तो लोडरच्या गिअरचा दांडा आहे.

तिथे काय झालं ते तुला माहीत आहे, तरी लिहिते, म्हणजे माझा प्रश्न नीट कळेल. नया रायपूरच्या रस्त्याच्या कामावर, खडी-डांबराच्या प्लांटच्या रॅम्पवर, हे गिट्टीने भरलेला लोडर चढवत होते. अर्ध्या चढावर मशीन मागे आली. मागे गंगाधर उभा होता, तोच जो रोज मागून हात दाखवून गाड्या थांबवायचा आणि दुपारी यांच्याबरोबर डबा खायचा. तो चाकाखाली गेला. सुपरवायझर आला तेव्हा दांडा न्यूट्रलमध्ये होता. त्याने लिहून टाकलं की ऑपरेटरने चढावर न्यूट्रल केलं. यांनी सही करून दिली. सही का केली विचारलं तर म्हणाले, "दांडा न्यूट्रलमधीच होता ना."

मशीन थांबल्यावर दांडा न्यूट्रल करून ब्रेक ओढायचा, हे यांच्या हाताला इतक्या वर्षांत पाठच झालं आहे. तो दांडा आधी न्यूट्रल झाला की नंतर, हे यांनाच आठवत नाही. हेच यांना खाऊन राहिलं आहे, दादा. गंगाधर गेला त्याचं दुःखसुद्धा यांना करता येत नाही, कारण आपण त्याला मारलं की नाही हेच ठरत नाही. कांताबाईंसमोर, त्याच्या बायकोसमोर, हे गेलेच नाहीत. काय म्हणून जायचं हे यांना कळलं नाही.

मला एवढंच कळायला हवं. यांच्या हातानं झालं की मशीननं? मशीन तुमच्या भनपुरीच्या यार्डात दुरुस्तीला आणून ठेवली आहे असं ऐकलं. तू उघडून बघ. मशीननं झालं असेल तर मी यांना सांगेन. हातानं झालं असेल तरी मला लिही. मग मी सांगणार नाही.

मला रडू येत नाही. आधी वाटायचं येईल. आता त्याची वाटही पाहत नाही.

तुझी पूर्णिमा


भनपुरी, रायपूर
२३ जानेवारी २०११

पूर्णिमा,

तुझं पत्र यार्डात चहाच्या टेबलावर दोन दिवस पडून होतं. आमच्याकडे पत्र म्हणजे फक्त बँकेची नोटीस, म्हणून कोणी हात लावला नाही.

मशीन आमच्याकडेच आहे. ठेकेदाराला ती लवकर कामावर हवी आहे, म्हणून मालकाने माझ्याच गळ्यात मारली. ते बरं झालं, नाहीतर मला ती मालकाकडे मागून घ्यावी लागली असती.

तुला समजेल असं लिहितो. या लोडरमध्ये ऑपरेटरच्या हातातला दांडा फक्त सांगतो, पुढे जायचं की मागे. खरा गिअर टाकतो तो सीटखालचा एक डबा, त्याला आम्ही कंट्रोलर म्हणतो. त्या डब्याला डोळे नाहीत. चाकं किती जोरात फिरून राहिली ते त्याला स्पीड सेन्सर सांगतो. बोटाएवढा तुकडा, गिअरबॉक्सला खालून बसवलेला. सेन्सर गप्प झाला की डबा गांगरतो. काही मशीन एकाच गिअरमध्ये अडकतात, काही गिअर सोडूनच देतात. सपाट जागेवर सोडला तर ऑपरेटर दोन शिव्या देतो आणि पुन्हा टाकतो. चढावर, बकेट भरलेली असताना सोडला, तर ब्रेक लागेपर्यंत मशीन मागे यायची ती येतेच. खाली गिट्टी सांडलेली असेल तर ब्रेक लागल्यावरही घसरते.

मी डब्याची मेमरी वाचली. त्यात सेन्सर गप्प झाल्याची नोंद आहे. सुपरवायझरला दाखवली तर म्हणतो, ही नोंद अपघातानंतर वायर हलल्याने आली असेल. हा माणूस नया रायपूरच्या त्या रस्त्यांसारखा आहे, चार गाड्या शेजारी चालतील एवढा रुंद आणि आत एक कुत्रंसुद्धा नाही. त्याच्याशी वाद घातला नाही. जुना सेन्सर काढला, नवा बसवला, बकेट भरून यार्डातल्या चढावर वर-खाली केलं. एकदाही अडखळली नाही.

सेन्सर खराब होता, पूर्णिमा. सुशीलला सांग. त्याच्या हाताने काही केलं नाही. मला हे लिहिताना आनंद व्हायला पाहिजे होता. झाला नाही. गंगाधरची टोपी अजून केबिनच्या मागच्या जाळीला अडकवलेली आहे, ती काढायचं माझ्याने होत नाही.

मावशीला जयभीम सांग.

गौतम


तुमसर
२ फेब्रुवारी २०११

दादा,

सांगितलं. तुझा निरोप आला, सेन्सर खराब निघाला, तुमचा हात नव्हता, असं सरळ सांगितलं. मला वाटलं होतं काहीतरी होईल. हे ऐकत राहिले, मी बोलून थांबले, तरी ऐकतच राहिले. आईने मागून विचारलं की काय झालं, तर मी म्हटलं काही नाही. खरंच काही झालं नव्हतं.

दिवेलागणीला मी तांदूळ निवडत होते तेव्हा हे एकदम बोलले. इतक्या दिवसांत स्वतःहून बोललेलं हे पहिलं वाक्य. म्हणाले, "जुना सेन्सर दुसऱ्या मशीनले लावून पाह्यला का त्यानं?"

मी म्हटलं मला माहीत नाही. त्यावर मान हलवली, आणि मला उगाच वाटलं की मी परीक्षेत नापास झाले. याचा अर्थ काय ते तू लिही. हो असेल तर हो लिही. मी आधी हो म्हणूनच टाकणार होते, पण तुझं आणि यांचं काम एक आहे, पुढचा प्रश्न विचारला असता तर मी उघडी पडले असते.

दुसऱ्या दिवशी सकाळी हात पुन्हा सुरू झाला.

आईने इथल्या एका बाईला दाखवायचं ठरवलं आहे, ती लिंबू उतरवते. मी म्हटलं, या माणसाने जन्मात कधी लिंबू मानलं नाही, त्याला आता लिंबाने काय होणार. आई चिडली. ती चिडली ते मला बरं वाटलं, घरात कोणालातरी काहीतरी वाटतं आहे.

पूर्णिमा


भनपुरी
१४ फेब्रुवारी २०११

पूर्णिमा,

सुशीलचा प्रश्न मला झोंबला. कारण उत्तर 'नाही' असं होतं.

आमच्या धंद्यात हा नियम शिकाऊ पोट्ट्यालाही माहीत असतो. नवा पार्ट लावल्यावर मशीन चालली म्हणजे जुना पार्ट खराब होता असं सिद्ध होत नाही. जुना पार्ट दुसऱ्या चांगल्या मशीनला लावायचा. तिथेही त्याने दगा दिला तरच तो खराब. पण हे करतो कोण? नवा लागला, मशीन चालली, बिल फाडलं, झाकण बंद.

यार्डात दुसऱ्या एका ठेकेदाराचा तसाच लोडर सर्व्हिसला आला होता. त्याच्या मालकाला न विचारता मी जुना सेन्सर त्यात बसवला. बेटा छान चालला. दोन दिवस चालवला, काही नाही. म्हणजे सेन्सर चांगलाच होता आणि मी तुला चुकीचं लिहिलं.

मग मी सुशीलची मशीन पुन्हा बाहेर काढली. रोज चढावर नेली. मागे कोणी येऊ नये म्हणून ड्रम आडवे लावले होते. तिसऱ्या दिवशी, इंजिन चांगलं तापल्यावर, अर्ध्या चढावर गिअर सुटला. बकेट रिकामी होती म्हणून ब्रेकने लगेच धरलं. हे नीट वाच आणि त्याला असंच सांग. दांडा पुढे होता. माझा हात दांड्यावर होता. मी काही केलं नाही आणि गिअर सुटला. ब्रेक मारल्यावर माझ्याही हाताने दांडा आपोआप न्यूट्रल केला, त्याच्यासारखाच.

आता कारण. सेन्सरपासून डब्याकडे जी वायर जाते तिला मशीनच्या पोटाखाली एक जोड आहे, प्लगसारखा. तो मी उघडून आत टॉर्च मारला. आतल्या तांब्याच्या पिना हिरव्या पडल्या होत्या, अशा पिनांतून सेन्सरचा निरोप डब्यापर्यंत कधी पोचतो, कधी नाही. जोडाचं रबर एका बाजूने दुमडलेलं आणि आत पाण्याचे डाग. मी पहिल्यांदा नवा सेन्सर लावताना हा जोड काढून पुन्हा बसवला होता. त्यात पिना एकमेकींवर घासल्या, थोड्या साफ झाल्या, म्हणून मशीन चालली आणि मी खूश झालो.

पाणी कुठून आलं, हे मला आधी लिहायचं नव्हतं. पण तू म्हणालीस हातानं झालं असेल तरी लिही.

पावसाचं पाणी तिथे पोचत नाही. ते खालून, जोराने मारलेलं आहे. सतरा सप्टेंबरला विश्वकर्मा पूजा असते. त्या दिवशी रायपुरात कोपऱ्यात पडलेल्या स्टुलालाही हार घालतात. मशीन धुवायच्या, झेंडूच्या माळा घालायच्या, नारळ फोडायचा. आपण जयभीमवाले, पूजेला हात जोडत नाही. पण सुशील दरवर्षी सगळ्यांना सांगायचा, नारळ तुम्ही फोडा, माझ्या मशीनला आंघोळ मी घालतो. बाकीचे लोक बादली आणि फडकं घेतात. या खेपेला मी भनपुरीलाच होतो, तिकडे गेलो नाही. दुसऱ्या दिवशी त्याने मला फोनवर कौतुकाने सांगितलं होतं, की प्लांटचा टायर धुवायचा प्रेशर पंप मागून आणला आणि मशीन पोटाखालूनसुद्धा अशी धुतली की शोरूमची वाटते.

यात त्याचा दोष नाही. तिथे पंप मारू नये असं कोणी कधी सांगितलं नाही, कुठे लिहिलेलं नाही, आणि मीही फोनवर वा म्हणालो होतो. पण तो स्वतः असं मानेल का, ते तुला जास्त कळतं. मला मशीन उघडता येते. माणसाला किती सांगावं ते मला कळत नाही. तू ठरव.

सुपरवायझरला पिना दाखवल्या. म्हणाला फाइल बंद झाली.

गौतम


तुमसर
२४ फेब्रुवारी २०११

दादा,

मी पंपाचं सांगायचं नाही असं ठरवलं होतं. तुझं पत्र मी कुसुमच्या चुलीत घातलं, म्हणजे घरी सापडायला नको.

रविवारी यांना सांगितलं. सेन्सर नाही, वायर होती. गौतमदादा स्वतः चढावर घेऊन गेला, दांडा पुढे होता, त्याचा हात दांड्यावर होता, आणि गिअर सुटला. तू लिहिलं तसंच, एक शब्द इकडे तिकडे नाही. यांनी मला पुन्हा सांगायला लावलं. मी पुन्हा सांगितलं. मग त्यांनी स्वतःच्या डाव्या हाताकडे पाहिलं आणि तो मांडीखाली घेऊन बसले. हात थांबला, दादा. मी आत जाऊन चहा ठेवला आणि आईला म्हटलं, संपलं बहुतेक.

संध्याकाळी जेवताना विचारलं, वायरला काय झालं होतं? तुटली होती का उंदराने खाल्ली होती? मला वायरीतलं काय कळतं. तुझ्या पत्रातलं जे आठवलं ते मी बोलले. म्हटलं, नाही, आतल्या पिना हिरव्या पडल्या होत्या.

त्यांचा घास हातात राहिला. मी काय बोलले ते मला कळलं नाही, पण काहीतरी बोलून बसले एवढं कळलं. मग ताट सरकवलं, हात न धुता उठले, अनवाणी कुसुमच्या घरी गेले आणि तिचा मोबाइल मागितला. मी मागे गेले तर मला हाताने दारातच थांबवलं आणि मागच्या अंगणात जाऊन बोलले. तुझा नंबर लावला होता हे कुसुमने नंतर पाहिलं. फार वेळ नाही बोलले.

परत आले आणि आमच्या दारातच, पायरीवर, खाली बसले आणि रडले. मोठ्याने. शेजारची माणसं बाहेर आली. आई म्हणाली रडू दे. मी बाजूला बसले, पाठीवर हात ठेवला, आणि मला काही वाटेना. मी त्यांच्यासाठी घाबरायला तरी पाहिजे होतं. मी फक्त पाहत होते की पायात काटा गेला आहे आणि रक्त येत आहे.

त्यानंतर ते काही सांगत नाहीत. विचारलं तर म्हणतात, "गौतमभाऊ लिहील." म्हणजे मी तुला लिहिते हे त्यांना माहीत आहे. कधीपासून कोण जाणे.

ते तुला काय बोलले? मी त्यांच्या डोक्यावरून एक ओझं काढून दुसरं ठेवलं का? खरं लिही. मी त्यांच्याकडे लक्ष ठेवून आहे, विहिरीवर एकटं जाऊ देत नाही.

पूर्णिमा


भनपुरी
४ मार्च २०११

पूर्णिमा,

विहिरीची काळजी सोड. त्याने मला जे सांगितलं ते सगळं लिहितो, म्हणजे तुला माझ्यासारखंच वाटेल.

फोन उचलला तर नमस्कार नाही, कसा आहेस नाही. म्हणाला, "भाऊ, पंप माह्या हाती होता." मी म्हटलं सुशील, ऐक, तुझा दोष नाही. त्याने मला बोलूच दिलं नाही. म्हणाला, "बाकीचे तिन्ही लोडरही मीच धुतले. चालवणारे नारळ-फुलं आणाले गेले होते. ते लोडर आज कुठी आहेत?"

मला ते माहीतच नव्हतं. मी समजत होतो की त्याने फक्त स्वतःची मशीन धुतली. मी म्हटलं, कुठे असणार, रॅम्पवरच चालून राहिले. तेव्हा तो म्हणाला, "उद्या चढू देऊ नको." आणि फोन ठेवला. स्वतःबद्दल एक शब्द नाही. मला वाटतं त्यानंतर तो पायरीवर बसला असेल.

सुपरवायझरला मी फोन केला, तर तो म्हणाला लेखी आण. सकाळी मी माझी जीप रॅम्पच्या तोंडाला आडवी लावली, चावी खिशात घातली आणि मशीनच्या पोटाखाली शिरलो. तो बराच ओरडला. डंपरवाले हॉर्न वाजवत होते. पहिल्या लोडरचा जोड कोरडा निघाला, दुसऱ्याचाही कोरडा. तेव्हा सुपरवायझर हसला, आणि खरं सांगतो, मलाही वाटलं की आपण उगाच तमाशा केला.

तिसऱ्याचा उघडला तर आतून पाण्याचा थेंब माझ्या मनगटावर पडला. पिना सुशीलच्या मशीनपेक्षा जास्त हिरव्या होत्या. एक तर हात लावल्यावर तुटलीच. मी सुपरवायझरच्या हातावर ती ठेवली. तिन्ही मशीन त्या दिवशी उभ्या राहिल्या, सगळ्यांचे जोड बदलले, आणि आता पंप पोटाखाली मारायचा नाही असा बोर्ड लागला आहे, त्यात दोन चुका आहेत. सुशीलची फाइल मात्र उघडलेली नाही. नाव अजून त्याचंच आहे. मी पिना आणि मेमरीचा कागद घेऊन वरच्या ऑफिसात जाणार आहे, होईल ते होईल. कांताबाईंकडे मात्र त्याने स्वतः यावं. आता काय म्हणून जायचं ते त्याला माहीत आहे.

तू विचारलंस की एक ओझं काढून दुसरं ठेवलं का. ठेवलं. पण पहिलं त्याला उचलताच येत नव्हतं, आणि हे घेऊन तो चालत कुसुमच्या घरापर्यंत गेला.

तो तिसरा लोडर देवीदास चालवतो, बालाघाटकडचा आहे, सुशील त्याला ओळखतो. मशीन का थांबवली ते मी त्याला सांगितलं, आणि कोणी थांबवायला लावली तेही सांगितलं. तो टायरला टेकून खाली बसला. बिडीसुद्धा काढली नाही. मग जे बोलला ते सुशीलला जसंच्या तसं वाचून दाखव. हे पत्र चुलीत घालू नको.

तो म्हणाला, "सुशीलभाऊले सांगजा. गंगाधर गेल्यापासून माह्या मशीनमागं उभं राहाचं काम भावनाले देल्लं हाय."

भावना त्याची बायको आहे.

गौतम